पेशवे दप्तराची वर्गवारी

पेशवे दप्तराची वर्गवारी : पुणे येथील पुराभिलेखागारात जतन केलेल्या पेशवेकालीन कागदपत्रांची वेगवेगळ्या काळी व वेगवेगळ्या हेतूंनी झालेली गटवार विभागणी. हे दप्तर मुख्यतः मोडी लिपीत असून त्यातील कागदांची संख्या कोटींच्या घरात मोजली जाते. कागदांची पुडकी चौकोनी कापडात बांधून ठेवण्याची जुनी पद्धत असल्याने अशा गाठोड्यास ‘रुमाल’ ही संज्ञा आहे. १९३० च्या सुमारास झालेल्या तपासणीत रुमालांची संख्या सुमारे ३५ हजार भरली. त्यांपैकी २७ हजारांवर रुमाल मराठी, सुमारे साडेसात हजार इंग्रजी आणि थोडे गुजराती व फार्सी होते. एका माणसाने हे सारे कागद वाचावयाचे म्हटल्यास अनेक जन्म पुरणार नाहीत. म्हणून या दप्तराचा इतिहास हा बऱ्याच अंशी त्याच्या वर्गवारीचा इतिहास आहे. प्रत्येक वर्गवारीने कागदांचा डोंगर आपल्या कामापुरता आटोक्यात आणला. मात्र त्या कामास जे लागत नव्हते, ते मागे पडले.

हुजूर दप्तराची रचना : बाळाजी बाजीराव (कार. १७४०–६१) याच्या काळापासून पुण्याचे हुजूर दप्तर नियमितपणे ठेवले जाऊ लागले. माधवराव पेशवे व पुढे नाना फडणीस यांनी त्यास शिस्त लावली. नानाच्या वेळी या दप्तरात दोनशेहून अधिक कारकून काम करीत. गावोगावचे व महालोमहालचे हिशेब, सैन्याची हजेरी, किल्ल्यांचा खर्च, देवस्थानांच्या नेमणुका, इनामांच्या सनदा असे सर्व प्रकारचे कागद येथे येत. हा ओघ पेलण्यासाठी कामाचे टप्पे ठरलेले होते. दिवसाची प्रत्येक नोंद प्रथम रोजकीर्दीत होई. तेथून ती आपापल्या सदराखाली खतावणीत जाई आणि वर्षअखेरीस ताळेबंद तयार होत. चालू कामाचे कागद ‘चालते दप्तर’ सांभाळी, तर सर्व खात्यांचे हिशेब एकत्र करून जमा, खर्च व शिल्लक यांचे गोषवारे काढण्याचे काम ‘एकबेरीज दप्तरा’कडे असे. कोणत्याही परगण्याची स्थिती पाहावयाची झाल्यास मूळ कागदांचा ढीग उपसण्याऐवजी गोषवारा पाहून भागे. शंका आल्यास सदरावरून तारखेकडे व तारखेवरून मूळ नोंदीकडे जाता येई. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत ही शिस्त मोडली. दप्तराकडे दुर्लक्ष झाले आणि त्यातील कागद बाहेर जाऊ लागले.

इंग्रजी अमलातील पुनर्रचना : १८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आल्यावर एल्फिन्स्टनने दप्तर ताब्यात घेऊन त्याची व्यवस्था मॅक्लाउड या अधिकाऱ्याकडे सोपविली. नव्या सरकारला इतिहासाची नव्हे, तर महसुलाची माहिती हवी होती. कोणते गाव कोणाकडे, सारा किती, सूट कोणास आणि कोणत्या सनदेने, या प्रश्नांच्या अनुरोधाने कागद लावले गेले. १८४३ मध्ये सुरू झालेल्या इनाम चौकशीला १८५२ च्या अकराव्या अधिनियमाने इनाम कमिशनचे कायदेशीर रूप मिळाले आणि या कामास वेग आला. इनामदाराने पुढे केलेल्या सनदेचा मेळ दप्तरातील जुन्या हिशेबांशी घातला जाई. हिशेबात इनामाची नोंद न सापडल्यास हक्क धोक्यात येई. त्यामुळे एखाद्या रुमालातील एक पुडके कोठे ठेवले आहे, यावर एखाद्या घराण्याच्या पिढीजात जमिनीचे भवितव्य अवलंबून राहू लागले. या चौकशीने दक्षिणेत व दक्षिण महाराष्ट्रात मोठा असंतोष पसरला. १८५७ च्या उठावानंतर तिचे स्वरूप सौम्य करण्यात आले आणि १८६३ च्या दुसऱ्या व सातव्या अधिनियमांनी ठराविक आकार घेऊन इनामे कायम करण्याचा मार्ग काढण्यात आला. पुढे हे कागद ज्या कचेरीच्या ताब्यात राहिले, तिला ‘एलिएनेशन ऑफिस’ असे नाव होते. या नावातही दप्तराचा महसुली उपयोगच सूचित होतो.

या काळात रूढ झालेली विभागांची नावे आजही अभ्यासकांच्या परिचयाची आहेत. ‘रोजकीर्द’ म्हणजे दैनंदिन नोंदी. ‘प्रांत अजमास’ म्हणजे प्रांतवार जमाखर्चाचे अंदाज व हिशेब. ‘घडणी’ म्हणजे सदरांनुसार लावलेले कागद. ‘पागा’ व ‘पथके’ यांत घोडदळासंबंधीचे कागद. ‘चिटणिशी’ हा पत्रव्यवहाराचा विभाग. तर ‘जमाव’ हा, नावावरूनच दिसते त्याप्रमाणे, गोळा झालेल्या कागदांचा गट. यांखेरीज शाहू दप्तर, सातारकर महाराजांचे दप्तर व आंग्रे दप्तर हे बाहेरून आलेले संग्रह स्वतंत्र राहिले. त्यामुळे कोणता कागद मुळात कोणत्या घरचा, हे बऱ्याच अंशी कळू शकते. महसुली कामास निरुपयोगी ठरलेली राजकीय पत्रे मात्र हिशेबांच्या पुडक्यांत विखुरलेली राहिली.

निवडक प्रकाशने : दप्तर सरकारी असल्याने संशोधकांना त्यात मुक्त प्रवेश नव्हता. राजवाडे, खरे, पारसनीस आदींनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने प्रामुख्याने खाजगी घराण्यांच्या दप्तरांतून मिळविली, याचे हे एक कारण होय. गणेश चिमणाजी वाड यांनी रोजकीर्दींतून केलेली निवड १९०२ ते १९११ या काळात प्रसिद्ध झाली. तीत प्रत्येक पेशव्याच्या कारकीर्दीतील उतारे विषयवार लावलेले आहेत. न्यायमूर्ती रानडे यांनी या साहित्याच्या आधारे पेशव्यांच्या राज्यकारभाराचे विवेचन केले.

पूर्ण दप्तराची पाहणी १९२९ मध्ये गो. स. सरदेसाई यांच्याकडे सोपविण्यात आली. यदुनाथ सरकार यांच्या आग्रहाचा व सल्ल्याचा त्यात मोठा वाटा होता. सरदेसाई त्या वेळी चौसष्ट वर्षांचे होते आणि हाताखाली मोडी वाचणारे मदतनीस होते. सर्व रुमाल सोडून पाहावयाचे आणि थोड्या वर्षांत काम पुरे करावयाचे, तर प्रत्येक कागदाचा पूर्ण अभ्यास शक्यच नव्हता. म्हणून कोरडे हिशेब बाजूस सारून ऐतिहासिक महत्त्वाचे कागद वेगळे काढण्यात आले आणि ते प्रकरणवार गटांत विभागण्यात आले. पहिल्या दोन खंडांत अनुक्रमे उदगीरची लढाई व पानिपतचे प्रकरण यांचे कागद आहेत. वसईची मोहीम, पेशव्यांचे खाजगी जीवन, सामाजिक व धार्मिक बाबी, राज्यकारभार यांसाठीही असेच गट करण्यात आले. १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड प्रसिद्ध झाले. त्यांत साडेआठ हजारांवर कागद आहेत. १९३३ मध्ये दप्तराची माहितीपुस्तिकाही प्रसिद्ध झाली. तिच्यामुळे न छापलेल्या कागदांकडे जाण्याची वाट मोकळी झाली.

कालनिर्णयाचा प्रश्न : प्रकरणवार गट करण्यामागे केवळ वाचकांची सोय नव्हती. सरकारी सनदांत सुहूर सन अरबी संख्यावाचकांनी दिलेला असतो. उदा., ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे ११७१. त्यात ५९९ मिळविले की १७७० येते आणि हे वर्ष मृगापासून सुरू होत असल्याने तो सन १७७०–७१ ठरतो. खाजगी पत्रांत मात्र पुष्कळदा केवळ ‘छ’ या खुणेपुढे चंद्राची तारीख व मुसलमानी महिना असतो, वर्ष नसते. असे पत्र एकटे असता मुके राहते. परंतु त्याच प्रकरणाच्या इतर पत्रांशेजारी ठेवताच त्यातील माणसे, मुक्काम व घटना यांवरून वर्ष निश्चित करता येते. उदगीरच्या विजयाची वार्ता सांगणारे पत्र १७६० च्या प्रारंभाचे असले पाहिजे, हे अशाच ताळ्यावरून ठरते. गट चुकला, तर मात्र वर्षही चुकते. सरदेसाईंच्या खंडांतील काही तारखा पुढील अभ्यासकांनी दुरुस्त केल्या. कामाची घाई व निवडीचे निकष यांवर पुण्याच्या संशोधकांनी टीकाही केली.

मूल्यमापन : १९५७ पासून पी. एम. जोशी यांच्या संपादनाखाली निवडींची नवी मालिका निघाली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इतिहासाचे प्रश्न बदलले. हिरोशी फुकाझावा यांच्यासारख्या अभ्यासकांनी गाव, जाती, वतने व जमीनमहसूल यांचा अभ्यास पेशवेकालीन कागदांच्या आधारे केला. धान्याचे भाव, मजुरी, पेरणीखालील जमीन, दुष्काळातील सूट यांची माहिती लढायांच्या पत्रांत नव्हे, तर हिशेबांत असते. राजकीय इतिहासाच्या दृष्टीने कोरडे ठरलेले प्रांत अजमासाचे रुमाल अशा रीतीने मोलाचे ठरले. इनाम कमिशनने बाजूस ठेवलेली पत्रे सरदेसाईंनी उचलली आणि सरदेसाईंनी बाजूस ठेवलेले हिशेब आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकांना उपयोगी पडले. हे शक्य झाले, याचे कारण निवड करताना मूळ रुमाल मोडले गेले नाहीत. निवडलेल्या कागदांच्या छापील प्रती नव्या गटांत गेल्या. इतर कागद आपापल्या जागीच राहिले. रुमाल व पुडके यांच्या क्रमांकांनिशी मूळ कागदापर्यंत पोहोचण्याची सोय हाच या दप्तराच्या व्यवस्थेचा कणा आहे. छापील निवड ही दप्तराची ओळख होय, दप्तर नव्हे, हे अभ्यासकाने ध्यानी ठेवणे आवश्यक ठरते.