वाहतुकीतून निवृत्त झालेला पूल : अहमदाबादच्या एलिस पुलाचा इतिहास आणि पुनर्वापराचा प्रश्न

प्रस्तावना :

शहरांच्या इतिहासलेखनात किल्ले, मंदिरे व राजवाडे यांना जेवढे स्थान मिळते, तेवढे पुलांना मिळत नाही. पूल ही नित्याच्या उपयोगाची वस्तू असल्याने ती वारसावास्तू म्हणून सहसा लक्षात येत नाही. आणि उपयोग संपला की तिच्या अस्तित्वाविषयीच प्रश्न निर्माण होतो. अहमदाबाद येथील साबरमती नदीवरचा एलिस पूल हे याचे ठळक उदाहरण होय. वाहनांसाठी बंद झालेल्या या पुलाचे पुढे काय करावे, या प्रश्नाचा त्याच्या इतिहासाच्या आधारे विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पुलाची उभारणी :

एकोणिसाव्या शतकात अहमदाबाद मुंबई इलाख्यात समाविष्ट होते. तटबंदीने वेढलेले जुने शहर नदीच्या पूर्व तीरावर होते. नदी ओलांडण्यासाठी १८७०-७१ मध्ये लाकडी पूल बांधण्यात आला. परंतु १८७५ च्या महापुरात तो नष्ट झाला. त्याच्या जागी १८९२ मध्ये कमानदार तुळयांचा पोलादी पूल उभा राहिला. उत्तर विभागाचे आयुक्त सर बॅरो हेल्बर्ट एलिस यांचे नाव त्यास देण्यात आले.

या पुलाचे अभियंता हिंमतलाल धीरजराम भचेच हे होते. कामाचे अंदाजपत्रक सुमारे ५ लाख रुपयांचे होते. प्रत्यक्ष खर्च सुमारे ४ लाख ७ हजार रुपये झाला. एवढी बचत झाल्याचे पाहून हलक्या प्रतीचे साहित्य वापरले असावे, असा संशय सरकारला आला व चौकशी नेमण्यात आली. चौकशीअंती बांधकाम उत्तम दर्जाचे असल्याचे सिद्ध झाले आणि हिंमतलाल यांना 'रावसाहेब' हा किताब देण्यात आला. खर्च वाढला म्हणून झालेल्या चौकश्या आपणांस परिचित आहेत; खर्च वाचला म्हणून झालेली चौकशी विरळाच. तथापि या प्रसंगाचे महत्त्व केवळ गमतीचे नाही. बांधलेल्या कामाची स्वतंत्र तपासणी झाली होती, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवावयास हवी.

शहराच्या जीवनातील स्थान :

या पुलामुळे शहराच्या पश्चिमेकडील विस्ताराला चालना मिळाली. पूर्व टोकाशी शहराच्या स्थापनेशी निगडित असलेला माणेक बुरूज, तर पश्चिम टोकाशी टाऊन हॉल व माणेकलाल जेठाभाई ग्रंथालय, अशी जुन्या व नव्या अहमदाबादची सांधणी या पुलाने केली. पूर्व तीरावर पुलाच्या परिसरात भरणारा रविवारचा गुजरी बाजार हाही या सार्वजनिक जीवनाचाच भाग होता. म्हणजेच पूल हा केवळ रस्ता नव्हता. त्याच्या आधाराने शहराचे अनेक व्यवहार चालत होते.

वाहनबंदीनंतरचा काळ :

सुमारे सहा मीटर रुंदीचा हा पूल वाढत्या वाहतुकीस अपुरा पडू लागला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्याच्या दोन्ही अंगांस काँक्रीटचे पूल बांधण्यात आले. त्यांना स्वामी विवेकानंदांचे नाव मिळाले आणि मधला पोलादी पूल वाहनांसाठी बंद झाला. पुढे जलद बससेवेच्या मार्गासाठी तो मोडण्याचा विचार झाला. नागरिकांच्या विरोधामुळे तो मागे पडला. पूल वाचला खरा, परंतु वाचणे आणि वापरात असणे या भिन्न गोष्टी आहेत. वापर थांबला की देखभाल थांबते, आणि देखभाल थांबली की गंज आपले काम करू लागतो.

२०१७ मध्ये अहमदाबादच्या जुन्या शहराला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. २७ ऑगस्ट २०२२ रोजी एलिस पूल व सरदार पूल यांच्या दरम्यान सुमारे ३०० मीटर लांबीच्या 'अटल' पादचारी पुलाचे उद्घाटन झाले. तेथे प्रवेशासाठी तिकीट आहे. नदीवर पायी फिरण्याची लोकांना हौस आहे, हे या नव्या पुलावरील गर्दीने सिद्ध केले. मात्र जवळच उभ्या असलेल्या ऐतिहासिक पुलाला ती संधी मिळाली नाही. २०२४ मध्ये राज्य शासनाने एलिस पुलाच्या जीर्णोद्धारासाठी सुमारे ३२ कोटी रुपयांच्या खर्चास मान्यता दिली.

पुनर्वापर आणि सुरक्षितता :

पुनर्वापराचा उत्साह पुरेसा नसतो, याचा धडा मोरबीने दिला. तेथील संस्थानकालीन झुलता पूल दुरुस्तीनंतर खुला झाला आणि चारच दिवसांनी, ३० ऑक्टोबर २०२२ रोजी कोसळला. १३५ जणांचे प्राण गेले. विशेष तपास पथकाच्या अहवालानुसार मुख्य दोरखंडातील ४९ तारांपैकी २२ आधीच गंजलेल्या होत्या. नव्या फरशीने पुलाचे रूप पालटले, पण भार वाहणाऱ्या जुन्या तारा तशाच राहिल्या. या दुर्घटनेनंतर अटल पुलावर ताशी ३,००० व्यक्तींची मर्यादा घालण्यात आली. महाराष्ट्रात १५ जून २०२५ रोजी मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील लोखंडी पादचारी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळून चौघांचा मृत्यू झाला. दोन्ही ठिकाणी गर्दी जमली, परंतु पूल ती पेलू शकेल याची खात्री झालेली नव्हती.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. एक, जुन्या पुलाचा सर्वोत्तम नवा उपयोग त्याच्या मूळ उपयोगाजवळचाच असतो. ग्रंथालय, बाजार आणि जुने शहर यांना जोडणारी विनामूल्य पायवाट हे एलिस पुलाचे स्वाभाविक भवितव्य होय. सोहळ्यांचे स्थळ होणे हे दुय्यम. दोन, सुशोभनापूर्वी संरचनेची स्वतंत्र तपासणी व्हावी, तिचा अहवाल प्रसिद्ध व्हावा आणि माणसांची मर्यादा पुलावरच लिहिलेली असावी. तीन, पुलावर हिंमतलाल यांच्या कामाची व चौकशीची हकिकत मांडावी. केवळ एलिस यांचे नाव सांगून हा इतिहास पूर्ण होत नाही.

अशा पुलांची नोंद करण्याचे काम महाविद्यालयेही करू शकतात. आपल्या तालुक्यातील जुन्या पुलांची बांधकाम वर्षे, कागदपत्रे व सद्यःस्थिती यांचे संकलन इतिहास व अभियांत्रिकी विभागांनी एकत्र येऊन केले, तर पूल पडल्यावर चर्चा करण्याची वेळ कदाचित टळेल. १८९२ च्या सुमारास ज्या पुलाची तपासणी केवळ संशयापोटी झाली, त्याची तपासणी आज काळजीपोटी व्हावी, एवढीच अपेक्षा.