हॉक्स नेस्टचा बोगदा: दगडातली सिलिका आणि न मोजलेली माणसं

ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकण्यापेक्षा बसमध्ये उभ्या उभ्या वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा मजकूर. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त मधले 'अं' आणि 'म्हणजे' कमी केलेत.

सिलिका म्हटलं की बहुतेकांना नव्या बुटांच्या खोक्यातली ती छोटी पुडी आठवते, 'खाऊ नका' लिहिलेली. गंमत म्हणजे सिलिकाच्या अख्ख्या खानदानात ती पुडी सगळ्यात गरीब. सिलिका म्हणजे सिलिकॉनचा एक अणू आणि ऑक्सिजनचे दोन. पृथ्वीच्या कवचात हीच दोन मूलद्रव्यं सगळ्यात जास्त, त्यामुळे सिलिका कुठे नाही असं विचारणंच सोपं. पण तिची दोन रूपं आहेत. एकात अणू कसेही विस्कटलेले: पुडीतली सिलिका जेल, खिडकीची काच, आपलं इंटरनेट वाहून नेणारी फायबर केबल. दुसऱ्यात अणू शिस्तीत रांगेनं बसलेले, त्याला क्वार्ट्झ म्हणतात. वाळू, गारगोटी, घड्याळातला स्फटिक हे सगळं त्यातलं. क्वार्ट्झ कडक असतो, मोजच्या कठीणतेच्या पट्टीवर ७. साधं लोखंड त्याच्यावर ओरखडा काढू शकत नाही. तो साधारण १७०० अंश सेल्सिअसला वितळतो आणि बहुतेक ॲसिडांना दाद देत नाही. म्हणून भट्टीच्या विटांमध्ये, ओतकामाच्या साच्यांमध्ये त्याला एवढी मागणी. कणकवली तालुक्यातल्या कासार्ड्याच्या खाणींतून निघते ती हीच सिलिका सँड.

आजची गोष्ट या कडकपणाची आणि दाद न देण्याची आहे.

क्वार्ट्झमधून ऑक्सिजन काढून टाकला की सिलिकॉन उरतो. पद्धत अशी की क्वार्ट्झचे तुकडे आणि कोळसा किंवा कोक विजेच्या भट्टीत एकत्र तापवायचा. कार्बन ऑक्सिजनला घेऊन जातो. तुमच्या फोनमधल्या चिपचा प्रवास इथूनच सुरू होतो. भट्टीत लोखंडही टाकलं तर फेरोसिलिकॉन मिळतं. पोलाद बनवताना त्यातला नको असलेला ऑक्सिजन काढायला ते लागतं. या सगळ्याला वीज मात्र अफाट लागते.

१९२०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात युनियन कार्बाइड या कंपनीला अशीच वीज हवी होती. जवळच न्यू रिव्हर नावाची नदी डोंगराला वळसा घालून खाली उतरते. कल्पना अशी की नदीवर धरण बांधायचं, डोंगरातून साधारण ५ किलोमीटरचा बोगदा खणायचा, पाणी सरळ खाली सोडायचं आणि त्यावर टर्बाइन फिरवायचं. वीज जाणार कंपनीच्याच फेरोसिलिकॉनच्या कारखान्याला. जागेचं नाव हॉक्स नेस्ट, म्हणजे ससाण्याचं घरटं. काम रायनहार्ट अँड डेनिस या ठेकेदाराला दिलं आणि १९३०च्या वसंतात खोदाई सुरू झाली.

महामंदीचे दिवस. दक्षिणेकडच्या राज्यांतून कामासाठी माणसं येत होती, बोगद्यात उतरणाऱ्यांतले बहुसंख्य कृष्णवर्णीय. जवळजवळ ३००० माणसांनी कधी ना कधी आत काम केलं.

आणि डोंगरात काय निघालं? सिलिका. काही पट्ट्यांत खडक जवळजवळ निव्वळ सिलिका होता. कंपनीला लॉटरीच लागली म्हणा, कारण कारखान्याला कच्चा माल हाच लागत होता. बोगद्याचा काही भाग ३२ फुटांवरून ४६ फुटांपर्यंत रुंद केला गेला आणि निघालेला दगड थेट कारखान्यात गेला. म्हणजे पाण्याचा बोगदा खणता खणता ती एक खाणच झाली. पण खाण म्हटलं की खाणीचे सुरक्षा-नियम आले, आणि कागदावर तो बोगदाच राहिला.

दगडात भोकं पाडताना ड्रिलमधून पाणी सोडलं की धूळ जागच्या जागी बसते. पोकळ दांड्यातून पाणी सोडणारी ड्रिलं १८९०च्या दशकापासून होती. पण कोरडं ड्रिल वेगानं चालतं. पुढे अमेरिकी संसदेच्या उपसमितीसमोर साक्षी झाल्या, त्यात कामगारांनी सांगितलं की आत काही फुटांवरचा माणूस दिसत नसे, आणि संध्याकाळी बाहेर पडताना काळा कोण, गोरा कोण हे ओळखू येत नसे. सगळे पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरे. सुरुंग उडवल्यावर धूळ खाली बसायच्या आधीच माणसांना पुन्हा आत ढकलत, असंही साक्षीत आलं. दीड वर्षात दोन्ही बाजूंची खोदाई मध्ये येऊन मिळाली. इंजिनिअरिंगच्या हिशेबात शाबासकी देण्यासारखा वेग.

आता ही धूळ नेमकं काय करते? नाकातले केस आणि घशातला कफ मोठे कण अडवतात. पण काही मायक्रॉनचा कण (केसाची जाडी ७०च्या आसपास धरा) थेट फुप्फुसाच्या फुग्यांपर्यंत पोचतो. तिथे मॅक्रोफेज नावाच्या सफाई करणाऱ्या पेशी असतात. पेशी कण गिळते, पण क्वार्ट्झ पचत नाही. पेशी मरते, कण पुन्हा मोकळा होतो, दुसरी पेशी येऊन त्यालाच गिळते आणि तीही मरते. प्रोग्रामर मंडळींना हे लगेच कळेल, बाहेर पडायची अट न लिहिलेला लूप आहे हा. प्रत्येक फेरीत सूज वाढते, व्रणासारखे तंतू तयार होतात आणि स्पंजासारखं फुप्फुस हळूहळू चामड्यासारखं होतं. नुकत्याच फुटलेल्या क्वार्ट्झचा पृष्ठभाग तर जास्तच जहाल. याला सिलिकोसिस म्हणतात, आणि झालेलं नुकसान भरून काढणारं औषध आजही नाही. एरवी हा आजार व्हायला दहा-वीस वर्षं लागतात. हॉक्स नेस्टमध्ये माणसं काही महिन्यांत दगावली.

'तेव्हा कुणाला माहीतच नव्हतं' हा बचाव मला पटत नाही. ॲग्रिकोलाचा खाणकामावरचा ग्रंथ १५५६चा. कार्पेथियन डोंगरातल्या खाणींजवळ सात-सात नवरे गमावलेल्या बायका भेटतात, असं त्यात नोंदवलंय. दक्षिण आफ्रिकेत सोन्याच्या खाणींतल्या या आजारासाठी १९१२ मध्ये कायदा झाला होता.

वडील आणि तीन मुलगे असे एकाच घरातले चौघे बोगद्यात कामाला होते. सगळ्यात धाकटा १८ वर्षांचा, तोच आधी गेला. मुलांच्या एक्स-रेसाठी आईनं रस्त्यावर उभं राहून पैसे मागितले. त्या एक्स-रेंमुळे गोष्ट कोर्टापर्यंत पोचायला मदत झाली. १९३३ मध्ये पहिल्या खटल्यात ज्युरीचं एकमत झालं नाही आणि मग १,३०,००० डॉलरवर सामुदायिक तडजोड झाली. त्यातले निम्मे वकिलांनी घेतले. उरलेल्या वाटणीतही कृष्णवर्णीयांच्या वाट्याला गोऱ्यांपेक्षा कमी आले.

किती माणसं मेली? इथे मी अडकलो, कारण आमच्या धंद्यात आकडा नसेल तर गोष्ट घडलीच नाही असं धरतात. कबूल केलेले मृत्यू १०९. १९३६च्या सुनावणीत ४७६ हा आकडा आला. खूप जण आजारी पडल्यावर आपापल्या गावी निघून गेले आणि तिथे मेले; कुणाच्या दाखल्यावर न्यूमोनिया, कुणाच्या क्षय. त्यांची नोंद कोण ठेवणार? १९८६ मध्ये मार्टिन चेर्नियाक या डॉक्टरनं जुन्या नोंदी उकरून पुस्तक लिहिलं. बोगद्याच्या आत दोन महिन्यांपेक्षा जास्त काम केलेली १२१३ माणसं त्यानं धरली आणि एरवी किती मृत्यू अपेक्षित असते त्याच्याशी तुलना केली. त्याचा अंदाज निघाला ७६४. त्यातले ५८१ कृष्णवर्णीय. अंदाजच आहे, पण कसा काढला ते त्यानं उघड मांडलंय, म्हणून मला बाकी दोन आकड्यांपेक्षा हा जास्त विश्वासाचा वाटतो.

सुनावणीनंतर अमेरिकेच्या श्रममंत्री फ्रान्सिस पर्किन्स यांनी सिलिकोसिसविरुद्ध मोहीम उघडली, कामगार खात्यानं त्यावर फिल्मही काढली. वेस्ट व्हर्जिनियानं १९३५ मध्ये भरपाईचा कायदा केला खरा, पण अटी अशा घातल्या की ज्यांच्यामुळे तो आला त्या बोगद्यातल्या कामगारांना त्याचा उपयोग झाला नाही. आणि हो, युनियन कार्बाइड हे नाव ऐकून तुमच्या डोक्यात जे आलं ते बरोबर आहे. १९८४च्या भोपाळवाल्या कारखान्याची मूळ कंपनी तीच.

आपल्याकडे बघायचं तर भोपाळपेक्षा मंदसौर जास्त जवळचं. पाटीवरची पेन्सिल आठवते? मध्य प्रदेशातल्या मंदसौरला ती दगडातून कापून बनवत. १९८०च्या दशकात अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनं तिथले कामगार तपासले तेव्हा निम्म्याहून जास्त लोकांना सिलिकोसिस निघाला. ज्या पेन्सिलीनं मुलं 'अ आ इ' गिरवत होती, ती पेन्सिल!

आणि आत्ताचं. नव्या फ्लॅटमध्ये ओट्याला ग्रॅनाइटऐवजी 'क्वार्ट्झ' बसवायची फॅशन आहे. हा दगड खाणीतून अखंड निघत नाही. क्वार्ट्झचा चुरा रेझिननं चिकटवून त्याच्या फरश्या करतात, आणि सिलिकाचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वरही असतं. ओटा म्हणून तो निरुपद्रवी आहे, स्वयंपाक बिनधास्त करा. धोका कापणाऱ्याला. तरुण कारागिरांना सिलिकोसिस होतोय हे बघून ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून या दगडावर बंदी घातली. ग्रॅनाइटमध्ये सिलिका बरीच कमी, पण असतेच. तेव्हा घरी ओट्याचं काम निघालं तर फरशी कटरला पाण्याची नळी लावूनच कापायला सांगा. चिखल होईल, पुसायला अर्धा तास जाईल. आणि कारागीर 'राहू द्या साहेब, सुकंच लवकर होतं' म्हणाला, तरी नळी तुम्हीच धरून उभे राहा.