मुसोर्गस्कीचा संगीतवारसा

इ. स. १८८१ च्या मार्च महिन्यात सेंट पीटर्सबर्ग येथील निकोलायेव्स्की लष्करी रुग्णालयात इल्या रेपिन या चित्रकाराने आपल्या एका आजारी मित्राचे चित्र रंगविले. विस्कटलेले केस, लालसर नाक, अंगात सैलसा झगा आणि दूर कोठेतरी लागलेली नजर. मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयातील हे चित्र पाहताना मन अस्वस्थ होते. चित्र पुरे होऊन पंधरवडाही लोटला नाही तोच, २८ मार्च रोजी, वयाच्या ४२ व्या वर्षी संगीतकार मोदेस्त मुसोर्गस्की याचे देहावसान झाले.

मुसोर्गस्कीचा जन्म १८३९ साली प्स्कोव्ह प्रांतातील एका जमीनदार घराण्यात झाला. १८६१ साली रशियातील भूदास मुक्त झाले, घराण्याचे उत्पन्न आटले आणि उदरनिर्वाहासाठी त्याला सरकारी कचेरीत नोकरी पत्करावी लागली. संगीताचे शास्त्रशुद्ध शिक्षण त्याला फारसे लाभले नव्हते. परंतु सामान्य रशियन माणसाच्या बोलण्यातील चढउतार स्वरांत जसेच्या तसे उतरले पाहिजेत, असा त्याचा आग्रह होता. ‘बोरिस गदुनोव्ह’ हा ऑपेरा, म्हणजे आरंभापासून अखेरपर्यंत गायिले जाणारे नाटक, या आग्रहातूनच निर्माण झाला आणि १८७४ साली रंगभूमीवर आला.

त्यानंतरची सात वर्षे उतरणीची होती. मित्रमंडळ पांगले, मद्याचे व्यसन वाढले. १८८० च्या आरंभी नोकरीही सुटली. ‘खोवान्श्चिना’ हा ऑपेरा त्याने पुरा करावा म्हणून काही मित्रांनी दरमहा १०० रूबल देऊ केले. दुसरा एक ऑपेरा पुरा व्हावा म्हणून आणखी काही जणांनी ८० रूबल देऊ केले. दोन्ही कृती अपुऱ्याच राहिल्या. लष्करी रुग्णालयात तरी त्याला जागा कशी मिळावी? अखेर तेथील एका डॉक्टराने आपला सेवक म्हणून त्याचे नाव नोंदविले, तेव्हा खाट मिळाली.

मृत्यूनंतर त्याची हस्तलिखिते संपादनासाठी रिम्स्की-कोर्साकोव्हकडे आली. १८७१-७२ च्या सुमारास हे दोघे एकाच खोलीत राहत असत. दुपारपर्यंत पियानो मुसोर्गस्कीचा. तो कचेरीत गेला की रिम्स्कीचा. त्याच रिम्स्कीने आता स्वतःची कामे बाजूला सारून ‘खोवान्श्चिना’ पुरा केला, पुढे ‘बोरिस’चे वाद्यसंयोजन नव्याने केले. परंतु रिम्स्की आता संगीतविद्यालयातील प्राध्यापक होता. मित्राचे ओबडधोबड स्वरमेळ त्याला अज्ञानाचे दोष वाटले, आणि ते त्याने दुरुस्त केले. १९०८ साली पॅरिसमध्ये शल्यापिनच्या गायनाने ‘बोरिस’ची कीर्ती झाली, ती या दुरुस्त रूपाची होय.

या दुरुस्तीचा परिणाम किती दूरवर पोहोचला, याचे एक लहानसे उदाहरण पुरेसे आहे. दिवंगत मित्र हार्टमान याच्या चित्रप्रदर्शनावरून मुसोर्गस्कीने १८७४ साली पियानोसाठी एक चित्रमालिका रचली. तीत बैलगाडीचे एक चित्र आहे. मूळ लेखनात ती गाडी एकदम प्रचंड आवाजात समोर येऊन ठाकते. १८८६ च्या छापील आवृत्तीत मात्र ती हळू स्वरात दुरून येऊ लागली. १९२२ साली फ्रेंच संगीतकार राव्हेल याने वाद्यवृंदासाठी या रचनेचे रूपांतर केले ते याच आवृत्तीवरून. त्यामुळे आजही बहुतेक सभागृहांत ती गाडी दुरूनच येते.

मूळ रूपाकडे लक्ष वळले ते पुढे. १९२८ पासून पावेल लाम याने मूळ हस्तलिखितांवरून आवृत्ती काढण्यास आरंभ केला. १९४० च्या सुमारास शोस्ताकोविचने ‘बोरिस’चे वाद्यसंयोजन केले, ते लामच्याच आवृत्तीवरून. १८६७ साली लिहिलेली ‘उजाड डोंगरावरील रात्र’ ही रचना तिच्या मूळ रूपात छापून निघण्यास १९६८ साल उजाडावे लागले. ज्यांना एकेकाळी दोष म्हटले गेले, त्यांतच पुढच्या पिढ्यांना नव्या संगीताची चाहूल लागली.

म्हणून रिम्स्कीला दोष द्यावा काय? त्याच्या श्रमांवाचून हे संगीत फार काळ कपाटातच पडून राहिले असते. शिवाय हस्तलिखिते शाबूत आहेत, कोणाला मूळ रूप हवे झाल्यास ते छापता येईल, असे त्याने स्वतःच आत्मचरित्रात नमूद केले आहे. मित्राची कृती त्याने आपल्या समजुतीप्रमाणे सुधारली, हे खरे. पण तिच्याकडे परतण्याची वाट त्याने बंद केली नाही, हेही तितकेच खरे.