ऑर्कुटचे न परतलेले सभासद

जानेवारी 2004 मध्ये गूगल कंपनीने ऑर्कुट हे समाजमाध्यम सुरू केले आणि ते घडवणारे तुर्की अभियंते ऑर्कुट ब्युयुकोक्तेन यांचेच नाव त्याला दिले. प्रारंभी जुन्या सभासदाच्या निमंत्रणाशिवाय तेथे प्रवेश मिळत नसे. अमेरिकेत त्याचा फारसा जम बसला नाही. मात्र ब्राझील आणि भारत या दोन देशांत ते इतके रुजले की 2008 साली गूगलने त्याचा कारभार ब्राझीलमधील बेलो होरिझोंते येथील कार्यालयाकडे सोपवला. भारतात तो काळ सायबर कॅफेचा, म्हणजे तासाच्या भाड्याने संगणक व इंटरनेट पुरवणाऱ्या दुकानांचा होता, आणि 2007 साली ऑर्कुट मराठीतही वापरता येऊ लागले, ही त्या काळाच्या मानाने लक्षणीय घटना होती.

ऑर्कुटवरील व्यवहाराचा प्राण ‘स्क्रॅप’ हा होता. मित्राच्या स्क्रॅपबुकात, म्हणजे त्याच्या नावाच्या पानावर, छोटा मजकूर लिहायचा आणि उत्तर मात्र त्याने आपल्या स्क्रॅपबुकात येऊन द्यायचे, अशी रीत असल्याने एकच संभाषण दोन पानांत विभागले जाई आणि बोलण्यासाठी एकमेकांकडे जावेच लागे. ‘टेस्टिमोनियल’ हे मित्राने लिहिलेले प्रशस्तिपत्र स्वीकारल्यानंतरच पानावर झळके. याहून मोलाच्या होत्या ‘कम्युनिटी’, अर्थात शाळा, गाव, गायक किंवा एखादी आवड यांभोवती जमलेले चर्चागट. अनोळखी माणसे समान जिव्हाळ्याच्या विषयावर तेथे वर्षानुवर्षे लिहीत राहिली, आणि ऑर्कुटची खरी संपत्ती म्हणायची तर ती हीच होती.

जुलै 2010 मध्ये, कॉमस्कोअर या मोजणी करणाऱ्या संस्थेच्या आकडेवारीनुसार, भारतात फेसबुकला भेट देणाऱ्यांची संख्या सुमारे 2 कोटी 9 लाख, तर ऑर्कुटला भेट देणाऱ्यांची सुमारे 1 कोटी 99 लाख होती. ब्राझीलमध्ये हेच पारडे 2011 च्या अखेरीस फिरले. हे स्थलांतर कोणी जाहीर केले नव्हते. खाते बंद न करताच माणसे दुसरीकडे वावरू लागली, स्क्रॅपला उत्तर मिळेनासे झाले, आणि उत्तर न मिळाल्याने उरलेल्यांचेही जाणे कमी झाले. अर्थशास्त्रात याला जाल-परिणाम म्हणतात: अशा सेवेचे मोल तिच्या सोयींपेक्षा तेथे हजर असलेल्या इतरांवर अवलंबून असते, म्हणून ती वाढते तशीच वेगाने ओसरतेही. ऑक्टोबर 2009 मध्ये ऑर्कुटचे नवे रूप आले तेव्हा तेही पुन्हा निमंत्रणानेच खुले करण्यात आले, आणि माणसे टिकवण्याची निकड असताना दाराशी अडसर ठेवण्याचा हा निर्णय चुकीचाच म्हटला पाहिजे.

30 सप्टेंबर 2014 रोजी ऑर्कुट बंद झाले. त्यानंतर ब्युयुकोक्तेन यांनी ‘हॅलो’ नावाचे नवे माध्यम 2016 मध्ये ब्राझीलमध्ये व 2018 मध्ये भारतात आणले, आणि त्याची उभारणी समान आवडींवर केली; परंतु जुने सभासद तेथे मोठ्या संख्येने आले नाहीत आणि पुढे तेही बंद पडले. एप्रिल 2022 मध्ये ऑर्कुटच्या जुन्या संकेतस्थळावर त्यांचे पत्र झळकले आणि परतीची चर्चा दोन्ही देशांत उसळली. लोकांच्या मनात ओढ होती, यात शंका नाही. तथापि परतणे हा एकट्याचा निर्णय नसतो. जुना गट एकाच वेळी आला तरच जुनी जागा पुन्हा उभी राहते, आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या येण्याची वाट पाहत राहतो. मायस्पेस या अमेरिकी माध्यमाने 2013 मध्ये नवे रूप घेऊनही गेलेले लोक परत आले नाहीत, आणि 2016 पूर्वी चढवलेली गाणी आपल्याकडून नष्ट झाल्याचे त्याला 2019 मध्ये मान्य करावे लागले.

परतणाऱ्याला आपला जुना मजकूर तरी जागेवर मिळायला हवा होता. गूगलने स्क्रॅप, छायाचित्रे आणि टेस्टिमोनियल उतरवून घेण्यासाठी सप्टेंबर 2016 पर्यंतच मुदत दिली, आणि कम्युनिटींचा सार्वजनिक संग्रह 2017 मध्ये हटवला. ‘हॅलो’ भारतात पोहोचले तेव्हा ऑर्कुटच्या कम्युनिटींतील तो मजकूर वाचण्याची सोय गूगलने काढून घेतलेली होती.