झूम आणि हरवलेला चेहरा

१९९६ साली कंधारात माझ्या मामेबहिणीचे लग्न झाले. भाड्याचा व्हिडिओ कॅमेरा माझ्या हाती होता. दुपारी उन्हात किल्ल्याच्या बुरुजावर झूम करून पाहिला, चित्र जसेच्या तसे उजळ. संध्याकाळी रुखसतीच्या वेळी नवरीमागे हॅलोजन होता. चेहरे काळे पडू नयेत म्हणून मी आयरिस हाताने पूर्ण उघडून ठेवला. अंगण छान दिसत होते. मुमानींनी लेकीला कवटाळले, मी झूम केला आणि चित्र काळवंडले. मी कॅमेऱ्याला दोष दिला.

आपल्याकडे सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली. तेव्हा झूम नव्हता. चेहरा मोठा हवा तर कॅमेरा उचलून जवळ न्यायचा. पुढे ते काम भिंगांवर आले. फ्रान्सच्या पिएर आंजेन्यू यांना दहापट झूमच्या भिंगासाठी अमेरिकेच्या चित्रपट अकादमीचा १९६४ सालचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. ही भिंगे मोठी आणि महाग. घरगुती कॅमेऱ्यात झूम बसवताना भिंग लहान ठेवावे लागले आणि त्याची किंमत उजेडात मोजावी लागली.

हिशेब साधा आहे. भिंगाचे नाभीय अंतर भागिले उजेड आत येण्याच्या वाटेचा व्यास, म्हणजे एफ-अंक. झूम केला की अंतर वाढते. त्या प्रमाणात वाटही रुंदावली तर अंक तोच राहतो. पण लहान भिंगात पुढची काच अपुरी पडते. अंक १.८ वरून ३.६ झाला तर उजेड चौथाई उरतो. कॅमेरा आपोआप चालत असेल तर तो ही तूट जमेल तितकी भरून काढतो. मी ते काम स्वतःकडे घेतले होते. दुपारी आयरिस इतका मिटलेला होता की काच पुरेशी होती, म्हणून बुरूज काळवंडला नाही.

उपाय सोपा होता. आधी चेहऱ्यावर झूम करायचा, तिथे उजेड ठरवायचा, मग मागे यायचे. मला तो फार उशिरा कळला.

मुमानी आता नाहीत. त्या फितीत त्यांचा आवाज स्वच्छ आहे. चेहरा मात्र आम्ही अजून अंधारात शोधतो.