लक्ष्मी दरवाजा आणि वर्गाचे दार

झाशीच्या जुन्या कोटाच्या लक्ष्मी दरवाजातून बाहेर पडले, की लक्ष्मी तलाव लागतो. काठी नेवाळकरांच्या महालक्ष्मीचे मंदिर आहे, आणि जवळच १८५३ साली निवर्तलेल्या गंगाधररावांची छत्री. ती उभारली राणी लक्ष्मीबाईने. तिच्या गुणांची पारख मात्र झाशीत नव्हे, ब्रह्मावर्तास झाली.

आईवेगळी मनू ही मोरोपंत तांब्यांची कन्या. मोरोपंत दुसऱ्या बाजीरावांच्या आश्रयास होते. त्या वाड्यात मुलांना अक्षर, घोडा आणि तलवार शिकविली जाई. मनूलाही तेथे जागा मिळाली. ती मुलगी म्हणून उठविली गेली असती, तर तिची बुद्धी तीच राहिली असती; फक्त ती कोणाला दिसली नसती.

१८५८ च्या वेढ्यात झाशीच्या स्त्रिया तोफांच्या मोर्च्यांवर राबताना इंग्रजांनी पाहिल्या. या हातांतील सामर्थ्य तोवर कोणी अजमावले होते?

१९६२ साली आप्पा पेंडसे यांनी पुण्यात ज्ञानप्रबोधिनी स्थापिली, ती बुद्धिमान मुले हेरून त्यांच्या गुणांना वळण देण्यासाठी. अशा कसोट्या हव्यातच. परंतु हुशार मूल नेहमीच पहिल्या बाकावर हात वर करून बसत नाही. कधी ते उलट प्रश्न विचारून शिक्षकाला अडविते, कधी खिडकीबाहेर पाहत राहते, आणि कधी घरकामापायी शाळेत येतच नाही. म्हणून गुणांची पारख करू पाहणाऱ्या शिक्षकाने आधी आपल्या वर्गाचे दार पाहावे. ते कोणाला बंद राहिले आहे?