नवें खत आणि जुनें कर्ज

कर्ज फेडण्याचा एक मार्ग म्हणजे दुसरें कर्ज काढणें. ऐकणारास हा मार्ग वेडगळ वाटतो. परंतु दुसरें कर्ज पहिल्याहून स्वस्त असेल, मुदत पुरेशी असेल आणि पहिलें खातें खरोखर मिटत असेल, तर ऋणकोचा त्यांत निव्वळ लाभ आहे. क्रेडिट कार्डाच्या व्यवहारांत यास ‘बॅलन्स ट्रान्सफर’ म्हणतात. एका बँकेच्या कार्डावर साठलेली बाकी दुसऱ्या बँकेच्या कार्डावर न्यावयाची, आणि ती दुसरी बँक कांहीं काळ त्या बाकीवर व्याज घेत नाहीं. विलायतेंत ही बिनव्याजी मुदत वर्षा-दीड वर्षाचीहि असते. कांहीं कार्डें तर रोख रक्कम ऋणकोच्या चालू खात्यांत जमा करतात, म्हणजे तेथील ओव्हरड्राफ्टहि मिटवितां यावा. २०२० पासून तिकडील अनेक मोठ्या बँकांनीं ओव्हरड्राफ्टचा दर सालीना शेंकडा चाळीसच्या आसपास नेला आहे, हें लक्षांत घेतलें म्हणजे या कार्डांचें आकर्षण समजतें.

घोडबंदर रस्त्यावरील मानपाडा काय किंवा डोंबिवलीजवळचा मानपाडा काय, दोन्ही ठिकाणीं उंच इमारती उभ्या राहिल्या, आणि त्यांत राहणारे आम्ही बहुतेक लोक मासिक पगारावर जगणारे आहों. घराचा हप्ता गेल्यावर पगारांत जें उरत नाहीं, तें कार्ड पुरवितें. हा वर्ग स्वतःस सुशिक्षित म्हणवितो, आणि सव्वाशें-दीडशें वर्षांपूर्वींच्या अडाणी कुणब्याशीं आपली तुलना केलेली त्यास रुचणार नाहीं. तथापि ती तुलना करणें अवश्य आहे.

१८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या कर्जरोख्यावरील दाव्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतु असा कीं जुनाट दाव्यांपासून ऋणकोचें रक्षण व्हावें. परिणाम उलट झाला. दर दोन-तीन वर्षांनीं सावकार कुणब्यास बोलावी, थकलेलें व्याज मुद्दलांत घाली आणि नवें खत लिहून घेई. आमच्या धर्मशास्त्रांत दामदुपटीचा नियम आहे. व्याज मुद्दलाहून अधिक एका वेळीं वसूल करूं नये, हें मनुस्मृतींतहि आलें आहे, व मुंबई इलाख्यांतील न्यायालयें हिंदु ऋणकोच्या बाबतींत तो नियम मानीत. पण नव्या खतापुढें त्याची मात्रा चालेना. समजा, शंभर रुपये दरसाल शेंकडा चोवीस दरानें काढले. तीन वर्षांनीं एकशें बहात्तरांचें नवें खत झालें, आणखी तीन वर्षांनीं सुमारें दोनशें शहाण्णवांचें. दामदुपटीनें हिशेब दोनशांवर थांबावयाचा. परंतु प्रत्येक खताबरोबर कालचें व्याज आजचें मुद्दल होई, आणि नियम पुन्हां पहिल्यापासून लागूं होई. १८७५ च्या मे महिन्यांत सुपें येथें दंगा उसळला, आणि पुणें व नगर जिल्ह्यांत तो पसरला, तेव्हां लोकांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षां त्याच्या दप्तरावर होता. जाळावयाचीं तीं खतें, हें त्या निरक्षर लोकांनीं अचूक ओळखलें होतें.

त्यानंतर १८७९ सालीं पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांसाठीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्याचें मर्म एका कलमांत होतें: न्यायाधीशानें खतावरील आंकड्यावर न थांबतां मागें जावें, कर्जाचा इतिहास पहिल्यापासून तपासावा, मुद्दल व व्याज वेगळें काढावें. पावती व हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्कहि ऋणकोस मिळाला. हा कायदा सदोष होता, आणि सावकार हात आंखडूं लागल्यावर कुणब्यास बीं-बियाण्यासाठीं पैसा कोठून मिळावा, याचें उत्तर त्यांत नव्हतें.

तें उत्तर विल्यम वेडरबर्न यांनीं काढलें. पुढें १८८९ च्या मुंबईच्या काँग्रेसचे अध्यक्ष झालेले हे गृहस्थ तेव्हां न्यायखात्यांत होते. १८८२ सालीं त्यांनीं शेतकी बँकेची योजना मांडली, आणि प्रयोगासाठीं पुरंदर तालुका निवडण्यांत आला. योजनेचा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. आधीं जुन्या कर्जांची तडजोडीनें छाननी व्हावयाची, खरा आंकडा ठरवावयाचा. सरकारनें रक्कम देऊन सावकारांचें देणें एकदांचें भागवावयाचें. आणि मग बँकेनें कमी व्याजानें पुढील व्यवहार हातीं घ्यावयाचा. बॅलन्स ट्रान्सफर म्हणजे हेंच, परंतु छाननीसहित! लॉर्ड रिपन यांच्या सरकारनें १८८४ सालीं ती उचलून धरली. लंडनमधील भारतमंत्र्यांनीं ती नामंजूर केली. जुनें कर्ज फेडण्यासाठीं दीर्घ मुदतीचें कर्ज देणाऱ्या भूतारण बँका इकडे चांगल्या रूढ होण्यास १९३० नंतरचा काळ उजाडावा लागला.

आतां कार्डाकडे पाहूं. समजा, एक लाखाची बाकी आहे आणि व्याज दरमहा शेंकडा साडेतीन. दुसऱ्या बँकेनें तीन महिने व्याज माफ केलें, पण आरंभीं शेंकडा तीन शुल्क घेतलें. करासह तें साडेतीन हजारांवर जातें. जुन्या कार्डावर त्याच तीन महिन्यांत साडेदहा हजारांच्या आसपास व्याज झालें असतें. तेव्हां बचत आहे, यांत संशय नाहीं. परंतु ती पुरी पदरांत पडण्यास दरमहा चौतीस हजारांवर फेड व्हावयास पाहिजे, आणि ज्याला तें साधतें त्याची बाकी लाखावर कशी गेली असती? विलायतेंतील वर्षा-दीड वर्षाची मुदत ही सवलत आहे. येथील दोन-तीन महिन्यांच्या मुदतीस मी नवें खत म्हणेन. मुदत सरली कीं चढा दर लागतो. मध्यें एखादा हप्ता चुकला तर सवलत बहुधा जाते. आणि इकडे जुनें कार्ड रिकामें होऊन पुन्हां खरेदीस मोकळें होतें. माझ्या पाहण्यांतील बहुतेक घरें या शेवटच्या गोष्टीनें बुडालीं.

छाननीचें काय? येथें आम्ही १८७९ च्याहि मागें गेलों आहों. खाजगी सावकारास महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यांतहि दामदुपटीचें बंधन आहे; परंतु बँकेचा व्याजदर अवाजवी आहे म्हणून न्यायालयानें जुना हिशेब उकलूं नये, असें बँकिंग नियमन कायद्यांत १९८४ सालीं घातलेलें कलम सांगतें. कार्डावर शेंकडा तीसहून अधिक वार्षिक व्याज घेणें ही अनुचित प्रथा होय, असा राष्ट्रीय ग्राहक आयोगानें २००८ सालीं दिलेला निर्णयहि सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०२४ मध्यें रद्द केला.

ऋणकोच्या हातीं राहिलें तें रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निदेशांतलें. थकलेलें शुल्क व कर मुद्दलांत मिळवून त्यावर व्याज आकारूं नये, हें त्यांत आहे. आणि दुसरें, बाकी नसलेलें कार्ड बंद करण्याची विनंती बँकेनें सात कामाच्या दिवसांत मान्य केली पाहिजे. न केल्यास खातें बंद होईपर्यंत दर दिवसास पांचशें रुपये ग्राहकास द्यावे लागतात. बाकी नव्या कार्डावर गेली, कीं त्याच आठवड्यांत हा अर्ज जुन्या बँकेकडे गेला पाहिजे, आणि त्याची पोंच जपून ठेविली पाहिजे.